विकायचा फोटो, ठेवायचा फोटो

माझा धंदा फोटोग्राफीचा. लग्नसराईत लग्नं, एरवी आमच्या शहराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, दोन टोकांना असलेल्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखानदारांसाठी सुट्या भागांचे, यंत्रांचे, कॅटलॉगचे फोटो. मधल्या रिकाम्या दिवसांत जुन्या गाड्या विकणाऱ्यांसाठी गाड्यांचे फोटो. या शेवटच्या कामाला कुणी कला म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मैदानात रांगेनं उभ्या केलेल्या गाड्या ऊन चढायच्या आत आटपायच्या असतात. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, डॅशबोर्ड, मीटर, डिकी, की पुढची. पैसे बेताचेच मिळतात. पण गाडीकडं बघायचं कसं हे मला याच कामानं शिकवलं, तेही उलट्या बाजूनं. विकाऊ गाडीचा फोटो काढणाऱ्याला काय दाखवायचं याच्याआधी काय दिसू द्यायचं नाही हे ठाऊक असावं लागतं.

सगळ्यात स्वस्त युक्ती पाण्याची. गाडी ओली करून फोटो काढला की रंगावरचे बारीक ओरखडे गायब होतात. पाणी त्या खाचांमध्ये बसतं, पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि पंधरा वर्षांची गाडी कालच शोरूममधून निघाल्यासारखी चमकते. जाहिरातीत गाडीवर पाण्याचे थेंब दिसले की लोकांना ताजेपणा वाटतो. मला आत काय असेल याची शंका येते.

वेळही निवडून घेतात. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आभाळ सगळीकडून सारखा, मऊ प्रकाश देतं. त्या प्रकाशात कुठलीच सावली टोकदार नसते, त्यामुळं दरवाजावरचा पोचा, लांबी भरून घासलेला मडगार्ड, दुसऱ्यांदा रंगवलेलं बोनेट, सगळं एकसारखं दिसतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतले फोटोही याच वेळी काढलेले असतात, हे खरंच. पण तिथं गाडी नवी असते, लपवायला काही नसतं.

फिल्टरची गंमत सांगतो. लेन्सपुढं लावायचा पोलरायझर नावाचा एक काचेचा गोल असतो. तो फिरवला की काचेवरचं आणि रंगावरचं प्रतिबिंब ठरावीक कोनात जवळजवळ पुसलं जातं. गाडीचा रंग गडद, भरीव दिसतो, काचेतून आतली सीट दिसते. बघणारा खूश. पण चकचकीत पत्र्यावरचा पोचा आपल्याला मुळात दिसतो कशामुळं? प्रतिबिंब वाकडं झाल्यामुळं. विजेचा खांब दरवाजात सरळ उभा दिसत असेल तर पत्रा सरळ. खांबाला कंबरेत लचक आली असेल तर तिथं मार बसलेला आहे. कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये तपासणीच्या जागी ट्यूबलाइटच्या समांतर रांगा लावतात त्या याचसाठी. रेघ जिथं थरथरली तिथं बोट ठेवायचं. म्हणजे प्रतिबिंब हाच पोच्याचा साक्षीदार, आणि फिल्टर त्या साक्षीदारालाच घरी पाठवतो.

एवढं सगळं करूनही मीटरचा फोटो मी जसा आहे तसाच देतो आणि तो मागं फिरवलेला आहे असं कळलं तर त्या गाडीला हात लावत नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. प्रकाश निवडणं वेगळं आणि आकडा बदलणं वेगळं, एवढी रेघ धंद्यात आखून ठेवावी लागते. नाहीतर रेघच राहत नाही.

आता माझ्या स्वतःच्या गाडीविषयी. ती स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.९ टीडीआय, २००६ ची, आणि काळी. पडेगावात राहून काळी गाडी बाळगणाऱ्याला शेजारी मनातल्या मनात वेडा म्हणत असतील. एकानं तोंडावरही म्हटलं आहे. छावणी ओलांडून पुढं आलं की मिटमिट्यापर्यंत हा रस्ता दिवसरात्र ट्रकांचा. दौलताबाद, वेरूळ, कन्नडकडं जाणारं सगळं इथूनच जातं. उन्हाळ्यात हवेत बारीक पिवळट भुकटी आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. सकाळी पुसलेल्या बोनेटवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं.

पण गाडी घेतली ती रंग बघून नाही. ही गाडी इथलीच. शहर आडवं ओलांडून जालना रोडनं पलीकडं गेलं की शेंद्रा. तिथल्या एमआयडीसीत स्कोडानं २००१ मध्ये काम सुरू केलं आणि भारतात आणलेली पहिली गाडी होती ऑक्टाव्हिया. सुटे भाग पेट्यांमधून यायचे, जुळणी आपल्याकडची पोरं करायची. कंपनी तिकडं म्लाडा बोलेस्लाव नावाच्या गावात लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये सुरू केलेली, आणि सुरुवात सायकलींपासून. आमच्या शहरात मात्र तोपर्यंत गाडी म्हटलं की बजाजची स्कूटर. वाळूजचा कारखाना १९८५ चा, त्यामुळं माझ्या पिढीच्या अर्ध्या वर्गाचे वडील किंवा काका तिथं. शेंद्र्यातून पहिल्यांदा ऑक्टाव्हिया बाहेर पडायला लागल्या तेव्हा जालना रोडवर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या त्या गाड्या बघायला आम्ही चौकात थांबत असू. दरवाजा लागतानाचा तो भरीव आवाज पहिल्यांदा तिथंच ऐकला. पुढं त्याच कारची दुसरी पिढी आली तेव्हा जुनी ऑक्टाव्हिया इथं इतकी चालत होती, की नव्या गाडीला लॉरा हे नाव देऊन दोन्ही शेजारी शेजारी विकल्या गेल्या.

इंजिन ९० अश्वशक्तीचं. आजकाल यापेक्षा छोट्या गाड्याही जास्त शक्ती सांगतात. पण २१० न्यूटन-मीटरचा जोर हे इंजिन १९०० फेऱ्यांवरच देतं, म्हणून दौलताबादच्या घाटात चौथा गिअर न बदलता चढून जाता येतं. डिकी काचेसकट वर उघडते आणि आत ५२८ लिटर जागा. माझे लाइट स्टँड, छत्र्या, ट्रायपॉड, कापडी पडदे, सगळं मावतं. लग्नाच्या हॉलसमोर ती उघडी बघून नवऱ्यामुलाचे मामा विचारतात, "काय हो, टेम्पो आणलाय का?"

या गाडीचे फोटो मी धंद्यातल्या सगळ्या युक्त्या उलट्या करून काढतो. महिन्यातून एकदा, सकाळच्या कोवळ्या पण तिरप्या उन्हात. गाडी धुतलेली पण पूर्ण कोरडी. ऊन पत्र्याला घासून गेलं पाहिजे अशा बेतानं उभी केलेली. फिल्टर नाही, रुंद लेन्स नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स, कारण ती आकार ओढत-ताणत नाही. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे उकिडवं बसणं आलंच. अंगणातल्या फरशीवर रंगानं चार खुणा करून ठेवल्यात, चाकं दरवेळी त्याच खुणांवर. मग चारी कोपरे, चारी टायर, पत्र्यांमधल्या फटी, हेडलाइट, बोनेट उघडून इंजिन, बोनेटखाली टॉर्च धरून पाइप आणि जोड, आणि किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याआधी पेटणारे डॅशबोर्डवरचे दिवे. नंतर संगणकावर गेल्या महिन्याचा फोटो डावीकडं, या महिन्याचा उजवीकडं.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "भाऊ, लग्न आहे का गाडीचं?" मी म्हटलं, "नाही काकू, दवाखाना आहे."

रोज बघणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही. माझ्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडले ते मला गाडीत कधीच दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला तेव्हा दिसलं. हेडलाइटची बाहेरची काच काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हानं गेला की ते पिवळं आणि दुधाळ होतं आणि रात्री उजेड कमी पडतो. माणूस बल्ब बदलत बसतो. टूथपेस्टनं घासायचा उपाय सगळे सांगतात. आठवडाभर बरं वाटतं. नीट करायचं तर आधी हजारचा, मग दोन हजारचा, मग तीन हजारचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, मग कंपाउंड, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा नवा थर द्यायचाच. तो शेवटचा टप्पा गाळला तर काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे.

टायरच्या फोटोत एकदा पुढच्या डाव्या टायरची आतली कड जास्त झिजलेली दिसली. उभ्यानं बघितलं तर ती दिसत नाही, गाडी बाहेरच्या बाजूनंच दिसते. अलाइनमेंट करून आणलं, पण पुढच्या महिन्यात झीज तशीच पुढं सरकलेली. म्हणजे दुखणं अलाइनमेंटचं नव्हतं. खालच्या आर्मचा रबरी बुश गेला होता. वीस वर्षांचं रबर, ते कडक होणारच, चिरणारच. फोटो नसता तर मी नवा टायर टाकून त्याचीही तीच गत केली असती.

आणि आमच्या पडेगावच्या धुळीची एक तरी चांगली गोष्ट सांगायला हवी. तेल जिथं पाझरतं तिथं धूळ काळी होऊन चिकटते. टर्बोकडून येणाऱ्या पाइपच्या जोडावर असा काळा पट्टा दिसला की समजायचं, क्लिप सैल झालीय किंवा पाइपला बारीक चीर पडलीय. गळती थेंबानं सुरू होत नाही, ओलसरपणानं होते. इंजिन चकाचक धुऊन ठेवणाऱ्यांना हा ओलसरपणा उशिरा कळतो. म्हणून मी इंजिन कधी प्रेशरनं धुऊन घेत नाही, पुसून घेतो, आणि विकाऊ गाडीचं इंजिन आरशासारखं लखलखत असेल तर तिथं दुप्पट वेळ घालवतो.

धुण्याचं प्रकरण मात्र नाजूक. नाथसागरासारखा जलाशय जवळ असूनही या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येणं ही बातमी राहिलेली नाही. उन्हाळ्यात दारात टँकर उभा असताना पाइप लावून गाडी धुणाऱ्याकडं लोक बघतात आणि त्यांनी बघायलाच हवं. पाइपनं धुतली तर शंभर लिटर पाणी सहज जातं. मी दहा लिटरच्या एका बादलीत भागवतो. त्या पाण्यात बिनाफेसाचं धुण्याचं द्रावण टाकायचं, ज्याला नंतर खळखळून पाणी मारावं लागत नाही. जाडसर मायक्रोफायबरची फडकी घडी घालून भिजवायची, वरून खाली एकाच दिशेनं ओढायची, एक बाजू मळली की घडी पालटायची, मळकी बाजू पुन्हा रंगाला लावायची नाही. टप आधी, मग काचा, दरवाजे. चाकांच्या कमानी शेवटी, त्यांचं फडकं वेगळं.

यात जे करायचं नाही ते सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्यानं किंवा त्या झालरीच्या ब्रशनं गाडी झटकायची नाही. आपल्याकडं घरोघरी हेच चालतं, सोसायट्यांमध्ये त्यासाठी माणूस ठेवलेला असतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रंगावर घासले जातात. सूर्याच्या प्रकाशात काळ्या गाडीवर कोळिष्टकासारखी गोल गोल जाळी दिसते ती याचीच. रोज गाडी पुसणाऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा धुणाऱ्याच्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी दिसते, हे मी विक्रीच्या मैदानात शेकडो गाड्या बघून सांगतो.

बोअरचं पाणी हा आणखी एक शत्रू. आमच्या खडकातलं पाणी जड, चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. उन्हात गाडी धुतली की थेंब वाळतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं वर्तुळ उरतं. काळ्या रंगावर तर चांदण्या पडल्यासारखं. ताजे असतील तर निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर लावून, लगेच साध्या पाण्यानं पुसून निघतात. महिनोन्‌महिने राहिले तर रंगात खड्डा पाडतात, मग पॉलिशशिवाय इलाज नाही.

आणि पॉलिशलाही मर्यादा आहे. कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळ्या थरांसकट जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. यंत्रावर पॉलिश करताना दरवेळी त्यातले दोन-चार मायक्रॉन निघून जातात. दरवर्षी दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणारे हौशी लोक असतात. ते गाडीचं आयुष्य घासून घासून चमकवत असतात. जाडी मोजायचं छोटं यंत्र आता काही हजारांत मिळतं. तेच यंत्र जुनी गाडी घेतानाही कामाला येतं. आकडा २०० च्या पुढं गेला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला, ५०० च्या पुढं गेला तर खाली लांबी भरलेली. यंत्र नसेल तर रुमालात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक. लांबीवर ते धरत नाही.

इंजिनाकडचं सगळं मी छावणीच्या बाजूच्या आमच्या उस्तादांवर सोपवलेलं आहे. मोठ्या वर्कशॉपांमध्ये आता या गाडीला हात लावायला कुणी उत्सुक नसतं. संगणक जोडतात, जे दिसलं ते बदलून टाका म्हणतात. उस्ताद आधी ऐकतात. बोनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून. टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र ते कान, हात काही वापरत नाहीत, फक्त तारीख आणि किलोमीटर बघतात. "भाई, इसपे भरोसा नक्को करो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन वर येतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला भिडतो. आणि बेल्ट तुटण्याआधी आवाज देत नाही, दिवा लावत नाही. म्हणून बेल्टबरोबर त्याचे रोलर आणि पाण्याचा पंपही बदलायचा, जुने ठेवून पैसे वाचवायचे नाहीत. पंप अडकला तर नवा बेल्टही जातो. मी बेल्ट बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी बोनेटच्या आत चिकटवतो आणि तिचाही फोटो ठेवतो. बारीकसारीक सामान अजून मिळतं. जे मिळत नाही, म्हणजे आतल्या पट्ट्या, हँडल, क्लिपा, त्यासाठी मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात फेरी मारावी लागते; तिथं पाठवायलाही फोटोच लागतो. सुट्या भागावरचा छापील नंबर वाचता येईल असा एक फोटो दहा फोन वाचवतो.

हे सगळं वाचून वाटेल, या माणसाला गाडी चालवायला वेळ कधी मिळतो. मिळतो. पहाटे.

घरातून निघालं की शरणापूर फाट्यापर्यंत रस्ता मोकळा, डावीकडं भांगसीमातेचा गड. पुढं दौलताबाद. किल्ला आपल्या बाजूनं, म्हणजे शहराकडून बघितला तर सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि डोंगराचा तासलेला कडा समोरून उजळतो. तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी हलवली ती इथं. तो कडा बघितला की त्याला हे का सुचलं असेल ते कळतं. पर्यटकांची गर्दी व्हायच्या आत, नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत, मी गाडी शेताकडच्या कच्च्या कडेला घेतो. इथं मात्र मी सगळ्या युक्त्या वापरतो. हा फोटो तपासणीचा नसतो, हौसेचा असतो.

काळ्या गाडीचा फोटो म्हणजे गाडीभोवतीच्या जगाचा फोटो. खांब, तारा, ट्रक, स्वतः फोटो काढणारा, सगळं दरवाजात दिसतं. म्हणून आधी गाडीकडं पाठ करून उभं राहायचं आणि गाडी काय बघतेय ते बघायचं. समोर मोकळं रान आणि आभाळ असेल तर दरवाजावर वर उजेडाचा, खाली जमिनीचा असे दोन पट्टे पडतात आणि मधल्या रेषेनं गाडीचा आकार उठून दिसतो. पुढची चाकं थोडी वळवायची, रिम कॅमेऱ्याकडं, टायरची झिजकी कड पलीकडं. डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढायचा नाही. तिथून तर सगळेच गाडी बघतात.

पावसाळ्यात म्हैसमाळ. खुलताबादहून वर चढताना धुकं खाली आलेलं असतं आणि हिरव्या रानात काळी गाडी अशी काही दिसते, की आधीच्या चार महिन्यांच्या धुळीचा राग निघून जातो. धावत्या गाडीचा फोटो काढायला मित्र गाडी चालवतो, मी वळणाच्या आतल्या बाजूला रस्त्यापासून लांब उभा. शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर, कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्यायचा. गाडी स्थिर येते, झाडं पळतात. गाडीचा वेग ताशी तीस-चाळीस पुरतो. फोटोत तो शंभर वाटतो.

याउलट माळीवाड्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की कॅमेरा डिकीत. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला शेवटपर्यंत खुला झाला, मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे आणि थांबायला मनाई. तरी कडेला गाडी लावून, दोन्ही दारं उघडून व्हिडिओ काढणारी मंडळी दर खेपेला दिसतात. मागून येणाऱ्याला तुमची हौस कळायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पासष्ट-सत्तर मीटर पुढं आलेला असतो. या रस्त्यावर जाताना मी फक्त टायर बघतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि तासभर एकाच वेगानं तापत राहिलेला जुना टायर फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी हे आकडे फार जुने असतील तर त्या टायरनं समृद्धी करू नये.

गाड्यांच्या फोटोंमध्ये आमच्या शहराचा एक फोटो देशभर गाजला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या काही उद्योजक, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. रांगेतल्या त्या गाड्यांचे फोटो सगळीकडं छापून आले. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यातून ही बातमी आली याचा तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला, अजूनही वाटतो. पण फोटोग्राफर म्हणून एक गोष्ट नोंदवतो. गाडीचा पहिल्या दिवशीचा फोटो, हार घातलेला, पेढे ठेवलेला, लिंबावरून चाक नेतानाचा, प्रत्येकाकडं असतो. दहाव्या वर्षीचा कुणाकडंच नसतो. त्या पिढीच्या गाड्या पुढं विक्रीच्या मैदानात माझ्या कॅमेऱ्यासमोर आल्या तेव्हा बहुतेक मालकांकडं सर्व्हिसच्या पावत्याही धड नव्हत्या. ज्याच्याकडं होत्या त्याला लाखभर रुपये जास्त मिळाले.

सरकारदरबारी मात्र जुन्या गाडीवरचं प्रेम महाग होत चाललंय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी पासिंग. स्टेशन रोडच्या आरटीओत गाडी न्यायची, पेन्सिल घासून चासिस नंबरचा ठसा कागदावर घ्यायचा, पर्यावरण कर भरायचा. २०२१ मध्ये माझं पहिलं पासिंग झालं तेव्हा फी शेकड्यांत होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केली. याच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हिंटेजचा मान आणि वेगळा नंबर मिळतो. मधली तीस वर्षं गाडी कुणाचीच नसते, ना नवी ना मानाची. माझी ऑक्टाव्हिया २०५६ मध्ये व्हिंटेज होईल. खटाटोप कुणी केला तर.

धूर सोडणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावरून गेल्या पाहिजेत, यात वाद नाही. पण वय बघून शिक्षा आणि अवस्था बघायची नाही, हे मला पटत नाही. पाच वर्षांची दुर्लक्षित गाडी वीस वर्षांच्या सांभाळलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते, हे आरटीओतल्या माणसालाही माहीत असतं.

तुम्ही फोटो बघून जुनी गाडी घेणार असाल तर विकणाऱ्याकडून आणखी चार प्रकारचे फोटो मागवा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कोरड्या गाडीच्या दोन्ही बाजूंचे, ज्यात दरवाजात एखादा सरळ खांब दिसेल असे. चारी टायरवरच्या आकड्यांचे. इंजिन सुरू होण्याआधी पेटणाऱ्या दिव्यांचा. आणि न धुतलेल्या इंजिनाचा. विकणारा म्हणाला की गाडी आत्ताच धुतलीय, ओलीच आहे, तर सांगा, वाळू द्या, उद्या पाठवा. उद्याही ओलीच असेल तर ती गाडी बघायला जाण्यात डिझेल घालवू नका.